आरसी ट्रक : स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची जुळणी (मदत हवी आहे)

गिरणगावकर

मंडळी, एक दशांश मापाचा, रिमोटवर चालणारा (आरसी) क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारा ट्रक जुळवायला घेतलाय. किट सेकंडहँड आहे, बोरिवलीच्या एका गृहस्थांकडून घेतलं. गिअरबॉक्स आणि दोन्ही अ‍ॅक्सल त्यांनी बांधून ठेवले होते, मग हौस संपली असावी. उरलेला सगळा माल, म्हणजे लिंका (जोडदांड्या), बॉल, स्प्रिंगा, शॉकचे भाग आणि मूठभर स्क्रू, एकाच झिपच्या पिशवीत. माहितीपुस्तिका आहे, पण तिच्यात शब्द जवळपास नाहीतच, नुसती चित्रं आणि बाण.

लोखंडी रेलची शिडीवजा चॅसी. मागच्या अ‍ॅक्सलला चार लिंका, पुढच्याला तीन लिंका आणि बाजूला सरकू न देणारी एक आडवी पॅनहार्ड दांडी. सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटार) चॅसीवर बसतो, अ‍ॅक्सलवर नाही. पुस्तिका बघून बघून सगळं बसवलं. आता तक्रारी:

एक, चाकं डावीकडे झकास वळतात, उजवीकडे जेमतेम निम्मी.
दोन, रिमोटला हात न लावता गाडीचं नाक वरून दाबलं की चाकं आपसूक एका बाजूला वळतात. सोडलं की पुन्हा सरळ.
तीन, पुढचा एक शॉक दाबला की पिचिक पिचिक आवाज येतो. दुसरा गप्प.

फोटो डकवतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडकूशेठ

फोटो दिसत नाहीत. अल्बम सार्वजनिक करा. आणि प्रकाश टाकायला सांगताय तर पुढचे फोटो ट्यूबलाइटखाली काढा, अंधारातले नकोत. (हलके घ्या.)

पाना_पक्कड

फोटो येईपर्यंत पहिल्या तक्रारीचं बोलू. नव्वद टक्के वेळा हे सर्व्होच्या हॉर्नमुळे, म्हणजे त्याच्यावर बसणाऱ्या छोट्या हातामुळे होतं. हॉर्न बसवताना सर्व्होला वीज दिली होती का? पाकिटातून निघालेला सर्व्हो कुठल्याही कोनात थांबलेला असतो. तसाच हॉर्न ठोकला की एका बाजूला जागा उरते, दुसऱ्या बाजूला नाही.

आधी हॉर्न काढा. ड्रॅग लिंकही (हॉर्नपासून चाकाकडे जाणारी दांडी) सर्व्होपासून सोडवा. रिमोट चालू करा, स्टिअरिंगचं ट्रिम (मध्य सरकवायची सोय) शून्यावर, सबट्रिम असेल तर तेही शून्यावर. मग गाडी चालू करा. सर्व्हो किर्र करून मध्यावर येईल, म्हणजे १५०० मायक्रोसेकंदांच्या पल्सवर. आता त्याला धक्का न लावता हॉर्न असा बसवा की ड्रॅग लिंकशी त्याचा काटकोन होईल. लिंक जरा तिरकी असेल तर हॉर्नही तेवढाच तिरका. काटकोन लिंकशी हवा, चॅसीशी नाही. इथे बरेच जण फसतात.

तुमचा सर्व्हो बहुधा २५ दात्यांचा असेल. म्हणजे एक दाता सरकवला की हॉर्न १४.४ अंश फिरतो. अगदी नेमका काटकोन मिळेलच असं नाही. जवळचा दाता घ्या आणि उरलेला दोन-चार अंशांचा फरक सबट्रिमने मारा. पण सगळी चूक सबट्रिमवर ढकलू नका. एका बाजूची हालचाल तेवढी कमी होते आणि फिरून तीच तक्रार येते.

हॉर्न २५ दात्यांचाच घ्या. २३ आणि २४ दात्यांचेही मिळतात. जोर लावला की प्लास्टिकचा हॉर्न २४ च्या सर्व्होवरही बसल्यासारखा वाटतो, आणि पहिल्याच दगडाला आतले दाते साफ.

टेक्निकल_बाळू

दादा, सर्व्हो २५ किलोचा घेतला तर वळायला जोर जास्त मिळेल ना? मित्र म्हणतो ३५ चाच घे.

पाना_पक्कड

बाळू, २५ किलो म्हणजे २५ किलो-सेंटिमीटर. मध्यापासून एक सेंटिमीटरवर तेवढा जोर. हॉर्नवर दोन सेंटिमीटरवरच्या भोकात लिंक अडकवलीस की तोच जोर साडेबारा. भोक जितकं आत तितका जोर जास्त आणि चाकांची फिरकी कमी. आणि मोठ्या सर्व्होला करंटही तसाच लागतो. ईएससीमधला (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसी, म्हणजे सर्व्हो-रिसीव्हरला वीज देणारा भाग, तीन अँपिअरचा असला आणि सर्व्होने अडकलेल्या चाकावर त्याहून जास्त ओढले, तर व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर क्षणभर झोपतो. ऐन दगडावर. ३५ घ्यायचाच असेल तर वेगळा बीईसी लाव.

गिरणगावकर

हॉर्न काढून पुन्हा बसवला. दोन दाते बाजूला होता! पहिली तक्रार जवळपास गेली, उजवीकडे अजून किंचित कमी वळतं. अल्बम सार्वजनिक केलाय, तिसरा आणि चौथा फोटो पुढच्या अ‍ॅक्सलचा आहे, समोरून.

डोंगरवाट

चौथा फोटो मोठा करून बघितला. दुखणं सापडलं. पॅनहार्ड उलटी आहे.

सर्व्हो चॅसीच्या डाव्या रेलवर, ड्रॅग लिंक तिथून निघून उजव्या चाकाच्या नकलकडे (चाकासकट वळणारा सांधा) उतरते. बरोबर. पण पॅनहार्डचं चॅसीकडचं टोक तुम्ही उजव्या रेलवर लावलंय आणि अ‍ॅक्सलकडचं डावीकडे. समोरून बघितलं तर दोन दांड्यांची फुली दिसते. तिथे दोन समांतर रेषा दिसायला हव्यात.

अ‍ॅक्सल वर येतो तेव्हा पॅनहार्ड आडवी होत जाते आणि चॅसीच्या टोकापासून अ‍ॅक्सलला बाजूला ढकलते. म्हणजे अ‍ॅक्सल सरळ वर येत नाही, कमानीत येतो. ड्रॅग लिंकचं खालचं टोकही असंच कमानीत फिरतं. दोघींची लांबी सारखी, उतार सारखा आणि चॅसीकडची टोकं एकाच बाजूला असली तर अ‍ॅक्सल आणि लिंकचं टोक बरोबरीने सरकतात, नकलला काही कळतच नाही. तुमच्याकडे पॅनहार्ड अ‍ॅक्सलला डावीकडे ढकलते आणि ड्रॅग लिंक नकलला उजवीकडे. मग चाकं वळणारच. याला बंप स्टिअर म्हणतात.

पॅनहार्डचा ब्रॅकेट दोन्ही रेलवर बसतो, भोकं सारखीच असतात, आणि पुस्तिकेतलं चित्र खालून काढलेलं असलं की डावं-उजवं फिरतं. ब्रॅकेट सर्व्होच्या बाजूला घ्या.

खरंखुरं बघायचं असेल तर कुठल्याही जिम्नीच्या पुढे वाकून बघा. कॉइल स्प्रिंगा, अखंड अ‍ॅक्सल आणि आडवी दांडी. आपल्या जुन्या जिप्सीखाली ही भानगड फारशी नाही, तिथे पानपट्ट्यांच्या स्प्रिंगाच अ‍ॅक्सलला आडवं सरकू देत नाहीत.

खडकूशेठ

आमच्या सोसायटीत जिम्नी आहे. वाकून बघितलं. वॉचमनने विचारलं, साहेब काय पडलं? म्हटलं, ज्ञान.

नाना_ठाकूरद्वार

पोरांनो, या सगळ्या कसरतीपेक्षा सर्व्हो सरळ अ‍ॅक्सलवर बसवा. सर्व्होही अ‍ॅक्सलबरोबर वरखाली होतो, मग बंप स्टिअर येणार कुठून? १९८७ साली तामिया कंपनीचा क्लॉड बस्टर ट्रक आला, दोन मोटारी, चारही चाकं वळणारा. त्याच्यावर हौशी लोक कधीपासून हेच करत आले. वजनही खाली राहतं.

अवांतर: सेकंडहँड किट घेतलंत हे शहाणपण. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. आमच्यासारख्या पेन्शनरांनी आता जुनीच चाकं कुरवाळायची.

डोंगरवाट

नाना, नुसत्या दगडावर चढवायची गाडी असेल तर तुमचं शंभर टक्के मान्य. पण अ‍ॅक्सलवर आडवा सर्व्हो, समोर लोंबणारी वायर, वर जीपची सुबक बॉडी, हे डोळ्यांना खुपतं. ज्याला खऱ्या गाडीसारखी गाडी हवी तो चॅसीवरच सर्व्हो लावणार आणि भूमिती शिकणार. मागच्या अ‍ॅक्सलला पॅनहार्ड का लागत नाही, तेही याच ओघात सांगते. तिथे वरच्या दोन लिंका समांतर नसतात, तिरक्या असतात, त्याच अ‍ॅक्सलला आडवं सरकू देत नाहीत. पुढेही तशाच चार लिंका लावून वर पॅनहार्ड जोडली तर दोघी भांडतात आणि सस्पेन्शन अडतं. म्हणून पुढे तीन.

गिरणगावकर

ब्रॅकेट बदलला. फरक जमीन-अस्मानाचा. नाक पूर्ण दाबलं तरी चाकं जवळजवळ हलत नाहीत. ‘जवळजवळ’ म्हणतोय कारण शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला किंचित वळतातच.

डोंगरवाट

समोरून मोजा. पॅनहार्डच्या दोन बॉलांच्या मध्यांतलं अंतर आणि ड्रॅग लिंकचं तेच अंतर. फरक असेल तर हॉर्नवरचं भोक किंवा पॅनहार्डचं चॅसीकडचं भोक बदलून जवळ आणा. ड्रॅग लिंकची लांबी वाढवून जुळवू नका, त्याने चाकंच वळतील. अगदी शून्य होणार नाही. तसा हट्टही धरू नका. अ‍ॅक्सल पूर्ण दाबलेला असतो तेव्हा गाडी तशीही दगडावर झुंजत असते.

नागदेवी_रोजचा

धागा वाचतोय, माझ्या कामाची जागा आली म्हणून लिहितो. चौथ्या फोटोत स्क्रूच्या डोक्यांची चाळण झालेली दिसतेय. अ‍ॅलन की कुठली वापरता? एम३ च्या गोल डोक्याला दोन मिमी, उंच सिलिंडरसारख्या डोक्याला अडीच, एम३ ग्रब (बिनडोक्याच्या) स्क्रूला दीड. घरातल्या जुन्या संचात इंची चाव्या मिसळलेल्या असतात. पाच चौसष्टांश इंच म्हणजे १.९८ मिमी, दोनच्या खाचेत आरामात बसते आणि तीच डोकं खाते. एक चांगली दोन मिमीची चावी घ्या, लांब दांड्याची, मूठवाली. स्वस्त संचापेक्षा एक चांगली चावी बरी.

जपानी किट असेल तर फुलीच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानकाचा) ड्रायव्हर. साधा फिलिप्स खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो.

मुंबईत नागदेवीच्या बाजाराला मसजिद स्टेशनवरून चालत या. बेअरिंगची दुकानं लागूनच आहेत. पाच बाय अकरा बाय चार आणि पाच बाय दहा बाय चार ही मापं बोला, आरसी-बिरसी बोलू नका, दुकानदार खेळणं समजून भाव वेगळा लावतो. रविवारी जाऊ नका.

टेक्निकल_बाळू

सगळीकडे लॉकटाइट लावू का?

नागदेवी_रोजचा

धातूत धातू जातो तिथेच, निळं, एक थेंब. प्लास्टिकच्या भोकात अजिबात नाही, काही प्लास्टिकला तडे जातात. प्लास्टिकमध्ये स्क्रू पुन्हा लावताना आधी उलटा फिरव. टक् असं जाणवलं की जुना आटा सापडला, मग आवळ. दर वेळी नवा आटा पाडलास तर चौथ्यांदा तिथे आटाच उरत नाही.

पाना_पक्कड

आता तिसरी तक्रार. पिचिक म्हणजे तेलात हवा. शॉक पुन्हा भरा.

स्प्रिंग काढा, झाकण काढा, सगळं तेल ओता. दांडा पक्कडीत धरू नका. पक्कडीचा एक ओरखडा उमटला की तोच ओ-रिंगला कापत राहतो आणि तेल गळतं. फडक्यात गुंडाळून बोटांनी धरा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. पिस्टन तळाशी नेऊन तेल काठोकाठ भरा. मग पिस्टन सावकाश वर-खाली करा, तेलातून वर न काढता. बुडबुडे वर येतील, आधी मोठे, मग खसखशीएवढे. शॉक उभा करून चहा पिऊन या. परत आल्यावर तेल काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं. आता झाकणाखालचा रबरी पडदा ठेवा, एका कडेने टेकवत, म्हणजे खाली हवा अडकत नाही. जास्तीचं तेल ओघळू द्या. झाकण आवळा.

दोन्ही शॉक झाले की स्प्रिंगा न लावता दोघांचे दांडे समोरासमोर टेकवा आणि एकमेकांवर दाबा. एक आधी आत गेला, दुसरा मागे राहिला, तर दोघांत तेल सारखं नाही. ही परीक्षा फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही.

टेक्निकल_बाळू

शॉकअपमध्ये बाइकच्या फोर्कचं तेल चालेल का? बाबांच्या स्प्लेंडरचं उरलंय.

पाना_पक्कड

नको रे. फोर्कचं तेल खनिज असतं. काही ओ-रिंग, विशेषतः सिलिकॉनच्या, त्यात फुगतात आणि दांडा अडकतो. शिवाय गरम झालं की ते जास्त पातळ होतं. सिलिकॉन तेलच घे. बाटलीवर सीएसटीचा (दाटपणाचं एकक) आकडा बघ, वेटचा नको, कारण वेटचं माप कंपनीगणिक बदलतं. ३५० सीएसटी म्हणजे साधारण ३० वेट, क्रॉलरला तिथून सुरुवात कर. मात्र शिलाई मशीनचं तेल घरात असेल तर ते बेअरिंगला चालतं, एकच थेंब.

सिंहगड_एक्सप्रेस

पुण्याहून. स्प्रिंगच्या वरची रिंग फिरवून स्प्रिंग कडक करायची का? माझी गाडी फार डुलते.

डोंगरवाट

रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. गाडीची उंची वाढते, बस. सरळ स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. डुलणं कमी करायचं तर स्प्रिंग बदला किंवा तेल दाट करा. आणि त्याआधी शॉक सोडवून अ‍ॅक्सल हाताने वर-खाली करून बघा. स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. एखाद्या लिंकचा बॉल सॉकेटमध्ये घट्ट असेल तर सस्पेन्शन तिथेच अडकतं आणि लोक दोष स्प्रिंगला देतात. घट्ट सॉकेट बॉलवर बसलेला असतानाच पक्कडीने बाहेरून हलकेच दाबायचं, जरा फिरवून पुन्हा दाबायचं. मोकळं होतं. पण जपून, सॉकेट ढिलं झालं की मग उपाय नाही, नवीन लावावं लागतं.

लिंकमध्ये टर्नबकल (फिरवून लांबी बदलायची दांडी) असेल तर त्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात. बऱ्याच टर्नबकलवर त्या बाजूला बारीक खाच दिलेली असते. सगळ्या गाडीत खाच एकाच बाजूला ठेवा, म्हणजे पाना कुठल्या बाजूला फिरवला की लांबी वाढते हे दर वेळी आठवावं लागत नाही.

गिरणगावकर

शॉक भरले, आवाज गेला, परीक्षेत पास. उजवीकडची उरलेली कसर एण्ड पॉइंटने (सर्व्होने किती वळायचं त्याची रिमोटवरची हद्द) मारली. मात्र पूर्ण वळवून धरलं की सर्व्हो गुणगुणतो.

पाना_पक्कड

मग थोडं जास्तच मारलंत. चाक थांब्यावर टेकलंय आणि सर्व्हो अजून ढकलतोय. गुणगुण थांबेपर्यंत त्या बाजूचा एण्ड पॉइंट कमी करा. डावा-उजवा आकडा वेगवेगळा आला तरी हरकत नाही. असं गुणगुणत ठेवलं तर सर्व्हो तापतो आणि बॅटरी खातो.

गिरणगावकर

खारघरला टेकडीच्या पायथ्याशी फिरवून आणली. काळ्या दगडावर सुरेख चढते. एकच उरलं: सपाट मातीवर सरळ जात नाही. स्टिअरिंग सोडलं तरी चाकं मध्यावर यायला कुरकुर करतात, नाक इकडेतिकडे भटकतं. टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) मोजला, दोन्ही चाकं जवळजवळ समांतर.

डोंगरवाट

बाजूने फोटो टाका, चाक काढून. नकल ज्या पिनांवर फिरतं, त्या पिनांची रेषा बघायचीय.

गिरणगावकर

टाकलाय. सातवा.

डोंगरवाट

वरची पिन पुढे झुकलीय, खालची मागे. उलट हवं, वरचं टोक मागे. कॅस्टर, म्हणजे हाच झुकाव, उलटा झालाय, म्हणून चाकं आपसूक सरळ होत नाहीत. अ‍ॅक्सलच्या टोकाच्या सी-हबवर (नकल धरणारा सी आकाराचा भाग) आतल्या बाजूला एल आणि आर असं कोरलेलं असतं, टॉर्च मारून बघा. बोरिवलीच्या गृहस्थांनी बांधलेला अ‍ॅक्सल आहे ना?

गिरणगावकर

टॉर्च मारली. डावीकडे आर, उजवीकडे एल. गृहस्थांना साष्टांग नमस्कार.

अदलाबदल करायला प्रत्येक बाजूला दोन स्क्रू, त्यातल्या एकाचं डोकं आधीच गोल झालेलं. खाचेत रबरबँड ठेवून दोनची चावी दाबली तेव्हा कुठे हलला. आता वरच्या पिना मागे झुकल्यात. गच्चीवर फिरवली, दोरी लावल्यासारखी सरळ जाते.

नागदेवी भाऊ, एम३ चे गोल डोक्याचे स्क्रू घ्यायचेत, दहा आणि बारा मिमी. स्टेनलेस घेऊ की काळे?

नागदेवी_रोजचा

काळे १२.९ ग्रेडचे जास्त मजबूत, पण मुंबईची हवा आणि पावसाळा, तेलाचा हात लावला नाही तर गंज धरतात. स्टेनलेस गंजत नाही, मात्र डोकं मऊ, चावी नेमकी हवी. लिंकांच्या टोकांना आणि नकलला काळे घ्या, बॉडी आणि बॅटरी ट्रेला स्टेनलेस. समुद्रकिनारी चालवणार असाल तर सगळेच स्टेनलेस, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, बेअरिंगला तेल द्या.

शंभराचं पाकीट घ्या, सुटे महाग पडतात.

खडकूशेठ

शंभरातले चाळीस मला द्या, निम्मे पैसे देतो.

गिरणगावकर

चाळीसला निम्मे? पन्नास न्या. शनिवारी दुपारी मसजिदला येतोय, पुलाच्या पायऱ्यांशी भेटा.